जंगलातील बुरशी: ओळखावी कशी, राखावी कशी

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस झाले की ग्रामसभेच्या जंगलातून फिरून आलेले लोक हमखास एक गोष्ट सांगतात: अमुक झाडाला बुरशी लागली आहे, आता काय फवारायचे? त्यांच्या हातात बहुधा वाळक्या फांदीवरचे एखादे कडक, अर्धवर्तुळाकार टेकोडे (बुरशीचा बाहेर दिसणारा भाग) असते. मागे एकदा अशाच कारणाने एक मोठे येनाचे झाड (ऐनाला आपल्या विदर्भात येनच म्हणतात) तोडून टाकावे, म्हणजे बाकीची वाचतील, असा ठराव होता होता राहिला. प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तेव्हा बुरशी झाडावर नव्हतीच. ती खाली पडलेल्या, दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या मोडक्या फांदीवर होती आणि झाड वर हिरवेगार उभे होते.

असा घोटाळा होतो, कारण डोळ्यांना दिसणारी बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या लाकडावर काम करत असते, आणि जी झाडाला जगवते ती डोळ्यांना दिसतच नाही. झाडाला खरोखर मारणारी बुरशी या दोहोंच्या तुलनेत फार थोडी असते. म्हणून जंगल राखणाऱ्याने आधी या तिघींतला फरक ओळखायला शिकावे आणि औषधाचा विचार त्यानंतरच करावा.

पहिली पाहणी: ती कशावर उगवली आहे?

पाहणीसाठी पाऊस उघडून दोन-तीन दिवस झालेली सकाळ उत्तम. सोबत चाकू, लहान खुरपे, वही आणि शक्य असल्यास भिंग असावे. छत्री किंवा टेकोडे दिसले की ते उपटण्यापूर्वी त्याचा आधार पाहावा. ते जमिनीतून आले आहे, पडलेल्या लाकडावर आहे, की उभ्या झाडाच्या जिवंत बुंध्यावर? जमिनीतून आल्यासारखे वाटणारे टेकोडे पुष्कळदा मातीत गाडल्या गेलेल्या काटकीवर किंवा जुन्या खुंटाच्या मुळीवर असते, म्हणून खुरप्याने बाजूची माती हलकेच सारून खात्री करावी.

पडलेल्या लाकडावर असेल, तर ते लाकूड बोटांनी चुरगळून पाहावे. फिकट पांढरे, ओलसर, धाग्याधाग्यांनी सुटणारे लाकूड असेल, तर तेथील बुरशी लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन हा घटकही पचवत आहे. तेच लाकूड तांबूस-तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत असेल, तर बुरशीने सेल्युलोज खाल्ले आहे आणि लिग्निन बरेचसे मागे ठेवले आहे. आपल्या पानझडी जंगलात पहिला प्रकार अधिक आढळतो. दोन्ही प्रकार कामाचे आहेत. सागाचे किंवा बिजा या झाडाचे लाकूड कुजवून त्यातील अन्नद्रव्ये मातीत परत आणण्याचे काम मुख्यतः या बुरशा करतात; त्या नसत्या तर पडलेले लाकूड आणि पाचोळा वर्षानुवर्षे साचत राहिला असता. गडचिरोलीतील आलापल्लीच्या जुन्या सागवनाला 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. अशा जुन्या वनात पडलेल्या ओंडक्यांकडेही उभ्या झाडांइतकेच लक्ष द्यावे. निस्तारासाठी, म्हणजे घरच्या गरजेसाठी, जळाऊ लाकूड आणावेच लागते, ते आणू नये असे मी म्हणणार नाही. पण मांडीएवढ्या जाडीचे, आधीच मऊ पडलेले ओंडके चुलीत नीट जळत नाहीत. ते जागेवरच सोडावेत.

पाहणीत दोन गोष्टी बुरशीच्या रोगात जमा करू नयेत. खोडावर चिकटलेले राखाडी-हिरवे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचे एकत्र राहणे असते. ते झाडाची साल केवळ बसायला वापरते, खात नाही. मोहावर आणि आंब्यावर दिसणारे बांडगूळ ही तर फुलणारी वनस्पती आहे. ती झाडाचा रस शोषते, म्हणून फांदीसह कापून काढावी लागते, पण तिचा बुरशीशी संबंध नाही.

जी दिसत नाही ती

साग, मोह, येन, बांबू, तेंदू, खैर, बेहडा अशा आपल्याकडील बहुतेक झाडांच्या बारीक मुळ्यांच्या आत एक बुरशी राहते. शेतीच्या भाषेत तिला मायकोरायझा म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये वापरात आणला. त्याचा अर्थ आहे बुरशी-मूळ. ही सोबत मात्र फार जुनी आहे. स्कॉटलंडमधील सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत, जमिनीवर नुकत्याच आलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशीच बुरशी सापडली आहे.

आपल्या झाडांतील प्रकार मुळीच्या पेशींत शिरून तेथे झुडपासारख्या बारीक फांद्या करतो आणि मुळीबाहेर मातीत तंतू पसरवतो. हे तंतू मुळांवरील केसांपेक्षाही बारीक असतात, त्यामुळे मुळी जेथे शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींतून ते स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि काही प्रमाणात पाणी आणून देतात. मोबदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर आणि स्निग्ध द्रव्ये देते. पश्चिम विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, तर पूर्वेकडील तांबड्या मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो. दोन्ही ठिकाणी स्फुरद मातीत असतो, पण मुळांपासून जेमतेम काही मिलिमीटर अंतरावर अडून राहतो. ते अंतर ही बुरशी भरून काढते.

या प्रकाराला छत्री येत नाही, तो टेकोडे देत नाही. त्याची बीजे मातीतच तयार होतात. म्हणूनच सागाखाली छत्र्या पुष्कळ आहेत म्हणून मायकोरायझा चांगला आहे, असा हिशोब करू नये. साल या वृक्षाच्या वनाचे प्रकरण निराळे आहे: सालाच्या मुळांवर बाहेरून आवरण घालणारी, छत्री किंवा गोळा देणारी बुरशी असते, आणि छत्तीसगडात पावसाच्या सुरुवातीला सालाखालून खणून काढतात ते गोळे याच जातीचे असतात.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात, ही गोष्ट आता गावोगावी मोबाइलवर पोहोचली आहे. तिच्या मुळाशी 1997 मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात बर्च आणि डग्लस फर या झाडांवर केलेला प्रयोग आहे. ती झाडे थंड प्रदेशातील आहेत, त्यांची बुरशी सालासारख्या बाहेरून आवरण घालणाऱ्या प्रकारची आहे, आणि त्या निष्कर्षांचा अर्थ किती ताणावा यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. आपल्या सागवनाला ती गोष्ट जशीच्या तशी लावू नये. मुळी आणि बुरशी यांच्यातील देवघेव मात्र पक्की सिद्ध आहे, आणि आपल्या कामासाठी तेवढी पुरेशी आहे.

पाचोळा आणि आग

एखाद्या मोठ्या मोहाखाली उकिडवे बसावे आणि हाताने पाचोळा थराथराने उचलावा. वर सुटी, खडखडणारी पाने असतात. त्याखाली ओलसर, एकमेकांना चिकटलेली पाने असतात. ती वेगळी करताना पांढरे धागे ताणून तुटताना दिसतात. ही पाने कुजवणारी बुरशी. त्याखाली काळसर भुसभुशीत माती लागते आणि तिच्यात सुतळीच्या रेशांसारख्या बारीक मुळ्यांचे जाळे असते. मातीच्या वरच्या 15 ते 20 सेंटिमीटरमध्येच मायकोरायझाचा बहुतेक पसारा असतो. एखाद्या वर्षी आग लागून गेलेल्या जागी जाऊन हीच पाहणी केली, तर मधला थर सापडत नाही. राखेखाली एकदम टणक माती लागते.

मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली काडी आणि तेंदूला नवा पाला फुटावा म्हणून लावलेली आग, ही आपल्याकडील वणव्याची दोन ठळक कारणे आहेत. या आगीने वरच्या थरातील बुरशी जळते, पण त्याहून मोठे नुकसान पुढे होते. बुंध्याची साल एका बाजूने भाजते, तेथे लाकूड उघडे पडते आणि त्या जखमेतून गाभा कुजवणाऱ्या बुरशीची बीजे आत शिरतात. ज्या मोहावर चार पिढ्यांनी फुले वेचली, तो मोह अशा जखमांनी आतून पोखरला जातो, हे पाहताना फार वाईट वाटते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो मोहफुलांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करायला हवा. झाडाच्या पसाऱ्याखालील पाने खराट्याने ओढून बाहेरच्या कडेला, उताराच्या बाजूला गोल बांधासारखी लावावीत. जमीन खरवडू नये, फक्त सुटा पाला ओढावा. फुले संपली की पहिल्या पावसापूर्वी तोच पाला परत झाडाखाली पसरावा. ज्यांना जमेल त्यांनी झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधावीत. फुलेही माती न लागता स्वच्छ मिळतात आणि त्यांना भाव चांगला येतो. ग्रामसभेने जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी काढून घ्यावी आणि रेषेवरचा पाला जंगलाच्या आत खोलवर विखरून टाकावा.

डिंकाबद्दलही येथेच सांगतो. कुल्लू, सालई, धावडा या झाडांवर कुऱ्हाडीने घातलेला खोल घाव आणि आगीने पडलेली जखम, बुरशीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच दारे आहेत. घाव सालीपुरता, उथळ असावा आणि एकाच बाजूला वर्षानुवर्षे घालू नये.

रोपवाटिकेत जंगलाची बुरशी कशी आणावी

हा भाग सविस्तर लिहितो, कारण येथे केलेल्या कामाचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. आमच्या पहिल्या रोपवाटिकेत आम्ही पिशव्यांमध्ये नदीची गाळमाती आणि शेणखत भरले, वर डीएपी हे स्फुरदयुक्त रासायनिक खत दिले, आणि मर (कोवळी रोपे कोलमडून मरण्याचा बुरशीजन्य रोग) दिसताच कार्बेन्डाझिमचे द्रावण सरसकट ओतले. रोपे पिशवीत उंच झाली, पण जंगलातील मुरमाड जागेत लावल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्यांपैकी बरीच वाळली. चूक आमचीच होती. स्फुरद भरपूर मिळाला की रोप बुरशीला मुळात फारसे शिरू देत नाही, आणि कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक जमिनीत गेले की ते उपकारक बुरशीलाही दाबते.

आता आम्ही पुढीलप्रमाणे करतो. विदर्भातील मे महिन्याचे ऊन येथे उपयोगी पडते. दोन भाग वाळू आणि एक भाग चाळलेली माती मिसळून ती ओलसर करावी, जमिनीवर वीतभर जाडीपेक्षा कमी थरात पसरावी आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा मातीत दाबून झाकावी. चार ते सहा आठवड्यांत आतील उष्णतेने मर आणणाऱ्या बुरशा, सूत्रकृमी आणि तणाचे बी बरेचसे मरते. काळे प्लास्टिक वापरू नये. त्याखाली माती तेवढी तापत नाही. ही माती पावसाळ्यात झाकून ठेवावी.

पोळ्याच्या सुमारास जंगलातील मुळी-माती आणावी. ज्या जातीची रोपे करायची आहेत, त्याच जातीची पाच-सहा निरोगी, मध्यम वयाची झाडे निवडावीत. बुंध्यापासून चार-पाच फुटांवर पाला बाजूला सारून वीतभर खोल खणावे आणि बारीक मुळ्यांसह दोन-तीन मुठी माती घ्यावी. पाला पूर्ववत झाकावा. शेंड्याकडून वाळणाऱ्या किंवा बुंध्याला टेकोडे आलेल्या झाडाखालील माती कधीही घेऊ नये, कारण त्यातून रोगही येतो. ही माती सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रातून ग्रामसभेच्या संमतीनेच घ्यावी. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा अशा संरक्षित क्षेत्रांतून माती, लाकूड किंवा टेकोडी काहीही उचलायचे नाही.

सावली नसलेल्या जागी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल खड्डा करून त्यात प्लास्टिक अंथरावे आणि तळाशी पाणी निघून जाण्यापुरती भोके पाडावीत. उन्हात तापवलेली माती भरून वरून चार-पाच सेंटिमीटर खाली जंगलातील मुळी-मातीचा थर द्यावा आणि त्यावर ज्वारी किंवा मका दाट पेरावा. आम्ही ज्वारी पेरतो, कारण तिच्या मुळ्या बारीक आणि भरपूर असतात. पाणी बेताने द्यावे, रासायनिक स्फुरद देऊ नये. ज्वारी किंचित पिवळट आणि ठेंगणी राहिली तरी घाबरू नये. भुकेले पीक बुरशीला अधिक जागा देते. अडीच ते तीन महिन्यांनी पाणी पूर्ण बंद करावे. पीक सुकू लागले की बुरशी मोठ्या संख्येने बीजे धरते. दहा-बारा दिवसांनी धाटे जमिनीलगत कापून घ्यावीत, मुळ्या मातीसह उपसून बारीक चिराव्यात आणि सगळे एकत्र करून सावलीत सुकवावे. हे विरजण पोत्यात, कोरड्या आणि गार जागी ठेवावे आणि त्याच हंगामात वापरावे.

पिशवी भरताना विरजण सगळ्या मातीत मिसळण्याऐवजी बी किंवा रोपाच्या मुळाच्या लगेच खाली मूठभर टाकावे. मूळ वाढताना त्यातून गेले पाहिजे, एवढेच पाहायचे असते. सागाचे स्टंप (रोपाच्या मुळाचा व खोडाचा छाटलेला तुकडा) लावताना सब्बलीने केलेल्या भोकात स्टंपासोबत मूठभर विरजण घालून माती घट्ट दाबावी. रोपवनासाठी खड्डे करताना वरची 15 सेंटिमीटर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवावा, आणि भरताना वरची माती मुळांजवळ घालावी. यंत्राने सबंध जागा खरवडून सपाट करणे हे या कामाच्या मुळावर येते.

बुरशी खरोखर मुळात शिरली का, हे पाहायचे असेल तर गावातील शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. ज्वारीच्या बारीक मुळ्या धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात पारदर्शक होईपर्यंत गरम कराव्यात, पाण्याने नीट धुवाव्यात आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के काळी किंवा निळी शाई मिसळून त्यात तीन मिनिटे उकळाव्यात. नंतर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवल्यावर जादा रंग निघून जातो आणि मुळीच्या आत बुरशीचे निळे-काळे तंतू व फुगे दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण त्वचा जाळते, म्हणून हे काम विज्ञानाच्या शिक्षकांनीच हातमोजे आणि चष्मा घालून करावे, मुलांनी पाहावे. काचपट्टीवर ते तंतू पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या गस्तीपथकातील वयस्क मंडळीही बराच वेळ सूक्ष्मदर्शकापासून हलली नाहीत.

आजारी झाड

आता तिसरा प्रकार. खैर, बाभूळ, शिसम, सिरस यांच्या मुळांशी गॅनोडर्मा ही बुरशी मूळकूज करते. बुंध्याच्या अगदी तळाशी किंवा उघड्या मुळीवर तांबूस-तपकिरी, वार्निश लावल्यासारखे चकाकणारे टेकोडे येते. त्याची वाढती कड पांढरट-पिवळी असते आणि आसपासच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचते. त्याच्या आधीपासून झाडाची पाने लहान व पिवळी होऊ लागतात आणि शेंडा वरून वाळत येतो. ही बुरशी एका झाडाच्या मुळातून शेजारच्या झाडाच्या मुळात जाते, त्यामुळे फवारणीचा उपयोग होत नाही. रोगट झाडाभोवती, निरोगी झाडांच्या अलीकडे, 60 ते 90 सेंटिमीटर खोल चर काढावा, म्हणजे मुळांचा संपर्क तुटतो. झाड काढायचे ठरल्यास रीतसर परवानगी घेऊन खुंट व जाड मुळांसह काढावे आणि त्या जागी लगेच त्याच जातीचे झाड लावू नये.

गाभा कुजलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकले की पोकळ आवाज येतो, आणि लोक ते झाड मेल्यात जमा करतात. पाणी वर नेणारे लाकूड बाहेरच्या कड्यात असते, त्यामुळे आतून पोकळ झाड कित्येक वर्षे फुलते आणि फळते. मेळघाटातला रानपिंगळा अशाच ढोलीत घरटे करतो, आणि ती ढोली होण्यात बुरशीचाही वाटा असतो. वस्तीवर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसेल, तर असे झाड उभे ठेवावे.

सागाच्या पानांखाली नारिंगी-पिवळी भुकटी दिसली तर तो तांबेरा असतो. मोठ्या झाडाला त्याने फारसे बिघडत नाही. रोपवाटिकेत मात्र रोपे विरळ करावीत आणि गळालेली पाने गोळा करून पुरावीत. पाचोळा काढून टाका असे मी फक्त या एका ठिकाणी म्हणतो. पावसाळ्यात सागाची पाने जाळीसारखी होतात, ते अळीचे काम आहे, बुरशीचे नाही. झाड पुन्हा पालवते. काळ्या जमिनीत पाणी साचून साग पिवळा पडत असेल, तर आधी पाण्याला वाट करून द्यावी. नेमके कारण कळत नसल्यास मुळी, साल आणि पान असा तिन्हीचा ताजा नमुना कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत दाखवावा. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना घामेजतो आणि त्यावर भलतीच बुरशी येते.

वारूळ आणि सात्या

सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या खाण्याच्या छत्र्या, निघाल्या की वारूळ खणून काढण्याची घाई होते. सात्याची छत्री हलक्या हाताने सोडवली तर तिला लांब, निमुळते शेपूट दिसते. ते खाली वाळवीने पोसलेल्या बुरशीच्या जाळीदार पोळ्यापर्यंत गेलेले असते. वाळवी पाला-लाकूड आणते, बुरशी ते पचवते आणि दोघींचे पोट भरते; जंगलाचा बराच पाचोळा याच वाटेने मातीत जातो. सात्या जमिनीलगत कापाव्यात, वारूळ फोडू नये आणि पूर्ण उमललेल्या चार-दोन तशाच सोडाव्यात. पिढीजात ओळख असल्याशिवाय कोणतेही टेकोडे खाऊ नये. लसूण काळा पडतो का किंवा चांदी काळवंडते का, या परीक्षा खोट्या आहेत, आणि काही विषारी जातींचा त्रास खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो.

लावलेल्या रोपांची पाहणी दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदाच्या सुमारास करावी. दहा-बारा रोपे निवडून प्रत्येकाच्या एका बाजूने वीतभर माती उकरावी आणि बारीक मुळ्या पाहाव्यात. मुळ्या फांद्या फुटलेल्या आणि मातीचे कण धरून ठेवणाऱ्या असतील, तर काम बसले आहे. मुळ्या आखूड, काळपट आणि बोटाने ओढताच साल सुटणाऱ्या असतील, तर पाणी साचते आहे का ते आधी पाहावे. वहीत रोपाचा क्रमांक, जागा आणि उकरलेली बाजू लिहून ठेवावी, माती दाबून वर पाला टाकावा, आणि पुढच्या वर्षी त्याच रोपाची दुसरी बाजू उकरावी.